अडकलेली कडी आणि आईचं इंग्रजी

माझं इंग्रजी फर्डं आहे! हे मीच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. ऑफिसातल्या मेल मीच लिहितो. वाचणारे लगेच फोन करून 'नक्की काय म्हणायचंय?' असं विचारतात, म्हणजे निदान वाचतात तरी! त्यामुळे आईला इंग्रजी शिकवायचं ठरलं, तेव्हा मास्तर शोधायची वेळच आली नाही.

ठरलं ते भाचीमुळे. माझी बहीण परदेशात असते. तिच्या लेकीला इंग्रजीशिवाय काही येत नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा, नात काहीतरी विचारायची आणि आई नुसती हसत बसायची. एकदा पोरगी ओरडली, "मम्मा, ग्रँडमा इज फ्रोझन!" तिला वाटलं, नेटवर्क गेलं! आम्ही पोट धरधरून हसलो. आई हसली नाही. कॉल संपल्यावर म्हणाली, "एकदा तरी मला तिच्याशी बोलायचंय रे. मी काय फोटो आहे का?"

मग काय, मी कंबर कसली! नियम केला: संध्याकाळच्या चहापासून जेवणापर्यंत घरात फक्त इंग्रजी. ज्याच्या तोंडून मराठी निघेल, त्याने त्या रात्रीची भांडी घासायची.

"आणि तुमच्या तोंडून निघालं तर?" बायकोने विचारलं.

"माझ्या? अगं, महिनाभर घासीन!"

शिकवण्याची माझी पद्धतही खास होती. नाटक! कधी मी पेशंट व्हायचो आणि बायको डॉक्टर, कधी मी चोर आणि बाबा पोलीस. बाबा तर इतके रंगात यायचे, की एकदा त्यांनी मला खरंच पंच्याने बांधून ठेवलं. आई मात्र गप्प. तिच्या वाट्याला एकदाही भांडी आली नाहीत, कारण ती बोलायचीच नाही. फक्त स्वयंपाक करताना स्वतःशी काहीतरी पुटपुटायची. मला वाटायचं, मलाच नावं ठेवतेय.

त्या रविवारी कॉलच्या आधी मी तोंड धुवायला बाथरूममध्ये गेलो. बाहेर यायला कडी ओढली, तर ती हलेना! हिसके दिले, लाथ घातली. कडी ढिम्म. चहा होऊन गेला होता, म्हणजे नियम लागू!

"हेल्प!" मी ओरडलो. "डोअर! लॉक! हेल्प मी!"

बायको दाराशी आली. "गुड इव्हनिंग, सर. व्हॉट इज युअर प्रॉब्लेम?"

"आय ॲम इनसाइड!"

"सिन्स हाऊ मेनी डेज?"

बाई डॉक्टर झाली होती! मी जिवाच्या आकांताने दार बडवलं. बाहेर बाबांनी टाळ्या वाजवल्या. "व्हेरी गुड! टुडे ही इज डुइंग बेस्ट!"

मराठीत एक हाक मारली असती, तर प्रश्न मिटला असता. पण महिनाभर भांडी! मी दात-ओठ खात गप्प बसलो. तेवढ्यात फोन वाजला. आईच्या शेजारी बसून दुभाष्याचं काम मीच करायचो, आणि दुभाषी इकडे बादलीवर बसलेला!

"हाय ग्रँडमा! व्हेअर इज मामा?"

मी दाराला कान लावला. आता ती पुन्हा हसत बसणार, पुन्हा फ्रोझन! बोल गं आई, काहीही बोल!

आणि आईचा आवाज आला. हळू, पण स्वच्छ. "मामा इज इन बाथरूम. डोअर नॉट ओपनिंग. ही इज शाउटिंग. ऑल पीपल थिंकिंग, ड्रामा!"

पलीकडे पोरगी खदखदून हसली. मग एकदम थांबली. "ग्रँडमा... यू आर टॉकिंग!"

"येस," आई म्हणाली. "आय ॲम टॉकिंग. नॉट फ्रोझन."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. व्याकरण गेलं खड्ड्यात! माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मेल एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे. दोघी बोलत सुटल्या. नातीचा पडलेला दात, आईचा दुखरा गुडघा, तिथलं ऊन, इथला चहा. मी बादलीवर बसून डोळे पुसत ऐकत राहिलो. सुटका करून घ्यायचं भानच राहिलं नाही!

ते नातीला राहिलं. त्यांच्याकडेही असंच दार अडकतं म्हणे. डॅडी हँडल धरून दार वर उचलतो, की कडी सुटते. आईने ऐकलं आणि फर्मान सोडलं, "लिफ्ट! अप! अप!" बायकोने आणि बाबांनी मिळून दार उचललं, मी आतून कडी ओढली आणि धाडकन बाहेर आलो. समोर आई, हातात फोन, चेहऱ्यावर नुसता उजेड.

"आई! अगं, काय सुंदर बोललीस गं तू!"

बायकोच्या गालाला खळी पडली. काय झालं ते माझ्या लक्षात आलं, पण तोवर बाबांनी टाळी वाजवली होती. काय करणार? इतका अचंबा इंग्रजीत मावलाच नसता हो!

"व्हॉट डिड मामा से?" फोनमधून आवाज आला.

आईने माझ्याकडे आपादमस्तक बघितलं आणि नातीला समजावून सांगितलं, "ही सेड... ऑल डिशेस. वन मंथ."

दुभाष्याची गरज अजिबात पडली नाही.