सामंतकाकांचा काटेरी हलवा

आमच्या दिंडोशीच्या सोसायटीतले सामंतकाका माणसांचे दोनच प्रकार मानतात: मॅनिटॉल आणि सॉर्बिटॉल.

औषधांच्या कंपनीत स्फटिक बघण्यात त्यांचा जन्म गेला. गाठ पडली की खिशातून भिजवलेले चणे आणि टूथपिक काढून ते रेणू उभा करतात. "आकार बघ गो, आकार! दोघे साखरेचेच भाऊबंद, अणूही तेवढेच. फरक फक्त एका हाताचा. मॅनिटॉल ताठ उभा. सॉर्बिटॉलचे हात एकमेकांवर आपटतात, म्हणून बिचारा कमरेत वाकतो." मग सेक्रेटरींकडे बोट. "हा बघ, पक्का मॅनिटॉल!" काका दिसले की लोक लिफ्ट सोडून जिना धरतात.

माझ्या चार वर्षांच्या जुईला गेल्या वर्षी मधुमेह निघाला. तेव्हापासून सोसायटीतल्या प्रत्येक वाढदिवसाला, तिने केक उचलू नये म्हणून, मी तिचा हात धरून बसते. यंदा संक्रांतीला तिचं बोरन्हाण नकोच, असं मी सासूबाईंना सांगितलं. डोक्यावरून हलवा ओतायचा आणि खाऊ नको म्हणायचं, हे माझ्याने होणार नव्हतं. काकांनी ते दारातून ऐकलं.

"बिनसाखरेचा करू गो. पण काटा आला पाहिजे!"

आधी सॉर्बिटॉल: गोड, पण रक्तातली साखर फारशी न वाढवणारा. त्याने हवेतलं पाणी ओढलं आणि हलव्याचा लगदा झाला. "वाट लावली मेल्याने!" मग मॅनिटॉल. त्याचे स्फटिक सुईसारखे. मंद आचेवर तिळावर थेंब थेंब पाक, सतत बोटांनी फिरवत. काटा फुटला! सेक्रेटरींनी कौतुकाने मूठभर खाल्ला आणि दिवसभर घराबाहेर दिसले नाहीत. मॅनिटॉल जास्त झाला की जुलाब होतात. काका तडक जुईच्या डॉक्टरांकडे गेले. चार दाणे चालतील, असं वदवून घेऊनच उठले.

बोरन्हाणाला डबा देऊन ते दारातच थांबले. बोटांना फोड आले होते.

"बायकांचं असतं हे."

"पहिली ओंजळ तुमचीच, काका."

घरात एकटा माणूस. पोराच्या डोक्यावर ओंजळ धरायची वेळच कधी आली नव्हती. त्यांनी ओंजळ भरून जुईच्या डोक्यावर रिती केली.

हलवा सांडला, पोरं तुटून पडली. जुईने एक दाणा उचलला आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं.

"खा," मी म्हटलं. वर्षभरात हा शब्द इतक्या सहज तोंडातून निघाला नव्हता. काकांचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

मला वाटलं, आता व्याख्यान. पण काका तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि नुसतं विचारलं, "गोड आसा गो?"

जुईने मान डोलावली आणि एक दाणा त्यांना भरवला. काका तो चावेनात. तसाच तोंडात धरून बसून राहिले.