छतवाल्यांचा खांदा

मी एकदा ठरवलं की ठरवलं. तीस वर्षं लोकांची छतं रंगवतोय, गल्लीत मला ‘छतवाले’ म्हणूनच ओळखतात. त्यामुळे उजवा खांदा आखडून हात हनुवटीच्या वर जाईना, तेव्हा मी घरात जाहीर केलं, “एकवीस दिवसांत हा हात कानाला लागेल.”

“आधी शर्ट तरी आपला आपण घाला,” बायको म्हणाली.

घाई होती हो. शाळेच्या सभागृहाचं छत रंगवायचं काम निघालं होतं. ठेकेदाराने बजावलं होतं, “एकविसाव्या दिवशी घरी येऊन बघतो. हात वर गेला तर काम तुमचं, नाही तर तुमच्या मेहुण्याचं.” मेहुण्याचं! ज्याला ब्रश धरायला मी शिकवलं!

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, भिंतीसमोर उभं राहा, बोटांनी हळूहळू भिंत चढा, दुखायला लागलं की थांबा आणि तिथे पेन्सिलीने खूण करा. “जोर नको, नेम हवा,” असंही म्हणाल्या. मी त्यात पदरची भर घातली. आधी खांद्याला तळहातभर तेल चोळायचं आणि तेलकट हातांनीच भिंतीला लागायचं.

दुसऱ्या दिवशी कालची खूण गाठता गाठता नाकी नऊ आले. तिसऱ्या दिवशी तर ती दोन बोटं वरच राहिली.

“अगं, माझा हात खाली चाललाय,” मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

“मग सकाळ-संध्याकाळ करा,” बायको भाजी निवडत म्हणाली.

केलं. मध्येच मेहुणा येऊन “दाजी, तुम्ही आराम करा, सभागृहाचं मी बघतो” म्हणून गेला. त्या दिवशी मी तीनदा भिंत चढलो.

एकविसाव्या दिवशी ठेकेदार खुर्ची ओढून बसला. माझी बोटं निघाली. कपाळ गेलं, डोकं गेलं, खूणही मागे पडली आणि दंड कानाला टेकला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

“ती खूण मी रोज वर सरकवत होते,” बायको म्हणाली. “तेलाचे डाग पुसताना तुमची पुसली जायची. खाली काढली असती तर दुसऱ्याच दिवशी जिंकून झोपला असतात.”

ठेकेदाराचं लक्ष मात्र भिंतीकडे होतं. पुसून पुसून तेल पार दारापर्यंत पसरलं होतं.

“छतवाले, तेलावर रंग धरतो का?”

“नाही धरत,” मी म्हणालो.

“मग रंगाऱ्याच्या घरात हे कोणी केलं?”

मी हात खाली घेतला.

“सोमवारी सभागृहावर या,” तो उठत म्हणाला. “पण आधी ही भिंत नीट करा. माझ्याही अब्रूचा प्रश्न आहे.”

बायकोने तोवर भावाला फोन लावलाच होता. मेहुणा आला, भिंतीवर बोट फिरवलं आणि मला समजावून सांगू लागला, “दाजी, तेलकट भिंत आधी सोड्याच्या पाण्याने धुवायची असते.”

मी निमूटपणे बादली भरायला गेलो. हे त्याला मीच शिकवलं होतं.