चिंचेच्या फाट्यावरचे सात सेकंद

समाजाची प्रगती त्या समाजातली माणसं किती कमी थांबतात यावरून मोजावी, असं आधुनिक वाहतूकशास्त्र मानतं. या मापाने बोरगावजवळचा चिंचेचा फाटा जगातल्या कुठल्याही चौकाला हार जाणार नाही. (चिंच रस्ता रुंद करताना गेली. फाटा शाबूत आहे.)

गेल्या वर्षी या फाट्यावर बिनतारी सेन्सर बसले. रस्त्याच्या पोटात भाकरीएवढ्या चकत्या पुरल्या. गावाकडून येणाऱ्या रस्त्याचा दिवा कायम लाल असतो. इंजिनवालं कुठलंही वाहन चकतीवर सात सेकंद उभं राहिलं, की खांबाला निरोप जातो आणि दिवा हिरवा होतो. न थांबता गेलं, तर खांब फोटो काढून घरी नोटीस धाडतो. योजना इतकी निर्दोष आहे की तिला माणसांची गरजच पडू नये; पण माणसं तिथं आधीपासून राहत होती.

पहिल्या तीन महिन्यांचा अहवाल मी स्वतः वाचला आहे. गेलेली वाहनं: एक लाख बारा हजार. थांबलेली वाहनं: शून्य (बंद पडलेली धरलेली नाहीत). सरासरी प्रतीक्षा: शून्य सेकंद. कोंडी: आढळली नाही. या आकड्यांवर फाट्याला ‘आदर्श चौक’ असा फलक मिळाला. अनावरणाचे पाहुणेसुद्धा लाल दिव्यातूनच आले.

नोटिसा गेल्या नाहीत असं नाही. पण त्या कन्नडमध्ये होत्या. निपाणीच्या बाजारात अस्खलित कन्नडमध्ये भाव पाडणारी माणसं नोटीस हाती पडताच अडाणी झाली आणि मराठीत पाठवा म्हणाली. मराठीत पाठवल्यावर काहींना आपण मूळचे कन्नड असल्याचं आठवलं. कागद वाचता न येणं ही आमच्या सीमाभागाची कला आहे आणि ती आम्हाला दोन्ही भाषांत येते.

या यशात अडथळा एकच: निवृत्त शिक्षक जिनदत्त अण्णा, वय अडुसष्ट, वाहन सायकल. अण्णा जैन. दिवस मावळल्यावर अन्नपाणी घ्यायचं नाही, ही घरातली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यात दोन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात महाराजांपुढे सगळे काहीतरी सोडत होते. कुणी साखर सोडली, कुणी तूप. अण्णा उठले आणि ‘आजन्म लाल दिवा ओलांडणार नाही’ असा नियम घेऊन बसले. तेव्हा पंचक्रोशीत एकही सिग्नल नव्हता. न आवडणारं वांगं सोडण्याइतकंच ते सोपं होतं.

सहा महिन्यांत सिग्नल आला. अण्णांचं घर फाट्यापलीकडच्या मळ्यात, आणि दुपारची देवळाची फेरी रोज गावात. आणि सायकल सेन्सरला दिसत नाही. (शेळ्यांना हिरवा दिवा मिळू नये, म्हणून केलेली तांत्रिक सुधारणा.)

पहिल्या संध्याकाळी त्रिशलाआक्कांचा, म्हणजे अण्णांच्या मंडळींचा, फोन आला.

“अहो, दिवस बुडाय आलाय. ताट वाढलंय. कुठं हाय तुमी?”

“फाट्यावर. लाल हाय.”

“मग या की! सगळी येत्यातच की.”

“सगळ्यांनी नियम घेतलाय व्हय?”

सूर्य मावळला. आक्कांनी ताट झाकलं. सव्वासातला एका ट्रॅक्टरचं टायर नेमकं चकतीवर पंक्चर झालं, तेव्हा कुठे दिवा हिरवा झाला आणि अण्णा उपाशी घरी पोचले.

तक्रारीवरून कंपनीचा इंजिनिअर सौरव आला. चांगला मुलगा. त्याने चकती तपासली. ती ठणठणीत होती.

“अण्णा, सायकल हातात धरून चालत जावा की.”

“नियम मी घेतलाय रं, सायकलीनं न्हाय.”

“मग एखाद्याला सात सेकंद थांबायला सांगा.”

हा उपाय ‘स्थानिक सहकार्यातून निराकरण’ म्हणून नोंदला गेला आणि तक्रार बंद झाली. पुतण्या वृषभने दुसऱ्याच दिवशी सहकार्य केलं. मोटारसायकल चकतीवर लावली. चार सेकंद टिकला. मागच्यांनी हॉर्न वाजवून त्याच्या सात पिढ्या काढल्या, तसा तो निघून गेला.

गेल्या महिन्यात अण्णांना घरचं संध्याकाळचं जेवण एकूण चार वेळा मिळालं: दोन पंक्चर, एक तुटलेली क्लच वायर आणि एक नवरदेवाची गाडी, जी फोटोसाठी थांबली होती. अण्णांना साखरेचा आजार आहे. संध्याकाळची गोळी जेवणाशिवाय घेता येत नाही. दोनदा फाट्यावरच चक्कर आली. “माणूस जाईल माझा त्या दिव्यापायी,” असं आक्का आता येईल त्याला सांगतात. मला अण्णांचा रागही येतो आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापुढे लाजही वाटते. (अहवालात या दोन्हींसाठी रकाना नाही.)

परवा अण्णांनाही नोटीस आली: विनाकारण उभं राहून रहदारीस अडथळा. खांबाने वर्षभरात काढलेला हा एकमेव स्पष्ट फोटो. बाकी सगळे हलले होते. अण्णांनी ती दोन्ही भाषांत वाचली आणि मान्य केली.

हल्ली ते येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करतात. ओरडण्याइतकी ताकद राहिलेली नाही. गेल्या रविवारी तुम्ही तिथून गेलात. दिवस मावळायला अजून वीस मिनिटं होती. लाल दिव्याखाली पांढरी टोपी घातलेला एक वाळका म्हातारा सायकल धरून तुम्हाला हात करत होता. ‘इकडची माणसं किती अगत्याची!’ असं तुम्ही गाडीत म्हणालात, काच खाली केलीत, आणि वेग जराही कमी न करता तुम्हीही हात हलवलात.