रज्जाकभाऊंचं टेस्टिंग

मे महिन्यात, भर दुपारी बारा वाजता, रेनकोट घालून आणि टोपीची नाडी गळ्याशी घट्ट बांधून शिलाई मशीन चालवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? नाही ना? मग तुम्ही चंद्रपुरात आमच्या गल्लीत कधी आलाच नाहीत. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, कुत्री नालीत जाऊन बसलीयेत, आणि हा बाबा रेनकोटात! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गेलं डोकं. आमच्याकडे उन्हाने जातं, त्यात नवल काही नाही.

"रज्जाकभाऊ, काढा ते! मराल ना!"

"बाई, टेस्टिंग चालू आहे," ते घाम निपटत म्हणाले. "बाहेरचं पानी आत येते का, हे कोनीबी पाह्यते. आतलं पानी बाहेर जाते का, ते कोन पाहीन?"

आतलं पाणी म्हणजे घाम. त्या दिवशी ते एवढं साचलं की भाऊंनी रेनकोट काढला तेव्हा माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत ओघळ आला. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून आहे. मधे एक भिंत, तीही छातीपर्यंतच. त्यामुळे गेली अकरा वर्षं माझ्या नशिबात आलेलं हे शेजारपण मी उघड्या डोळ्यांनी भोगते आहे.

त्यांच्या पाटीवर लिहिलंय, 'सीट कव्हर, हूड, ताडपत्री, बॅगा, ऑर्डरप्रमाणे काहीही.' त्यातलं 'काहीही' हे त्यांनी स्वतः नंतर रंगवून घेतलंय. आणि नियम एकच. "पहिले मी भोगतो, मंग गिऱ्हाईक." शाळेची बॅग शिवली की तिच्यात चार विटा भरायच्या आणि ती पाठीला लावून दिवसभर मशीनवर बसायचं. एकाच्या स्कूटरचं सीट कव्हर शिवलं, तर ती सीट दुकानात आणून दोन दिवस तिच्यावर बसून राहिले. ज्याची स्कूटर तो पायी! तो बिचारा रोज येऊन विचारायचा, "भाऊ, झालं का बसून?"

एकदा बँकेतले एक साहेब सायकलने लडाखला निघाले. त्यांनी रज्जाकभाऊंना थंडीत झोपायची पिशवी शिवायला सांगितली. आता थंडी आणायची कुठून? आमच्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीही चहासारखं येतं. भाऊंनी दोन दिवस विचार केला आणि तडक कुल्फीच्या कारखान्यात गेले. मालक ओळखीचा. त्याच्या बर्फाच्या खोलीत, कुल्फीच्या पेट्यांच्या मधे, हे पिशवीत शिरून चेन नाकापर्यंत ओढून झोपले. मालकाने कामगारांना सांगायला पाहिजे होतं, पण तो विसरला. एक कामगार पेट्या काढायला आत गेला आणि बोंबलत बाहेर आला. "मुर्दा! मुर्दा!" सगळे धावले. तेवढ्यात मुर्द्याने चेन खाली केली आणि म्हणाला, "दरवाजा लाव ना बे, थंडी चालली."

चार तासांनी त्यांना अक्षरशः ओढून काढावं लागलं. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, पास. असी झोप मले लगनानंतर आज लागली."

त्यांना कल्पना सुचली की ते "आयडिया आली!" असं ओरडून अर्ध्या भिंतीवरून हात पुढे करतात. त्या हातात मी वाया गेलेल्या झेरॉक्सचा कागद ठेवायचा. त्याच्या पाठीवर ते चित्र काढतात. कोणाच्या सातबाऱ्यामागे बॅग, कोणाच्या जातीच्या दाखल्यामागे तंबू. कासव पाहिलं तरी यांना पाठीवरची बॅग दिसते आणि सायकलरिक्षाचं मिटणारं छप्पर पाहिलं तरी आयडिया येते. दुसऱ्यांना जगभर पाठवायला हा माणूस इतक्या वस्तू शिवतो, पण स्वतः वरोऱ्याच्या पुढे गेलेला नाही. वरोऱ्यालाही लग्नात गेले होते, आणि जेवण वाढायच्या आधी परत निघाले म्हणतात.

आता त्यांच्या मित्राबद्दल सांगते. नामदेवभाऊ. गोंडपिपरीकडचे, वैनगंगेच्या काठचे, जातीने ढिवर. मासे धरणं हाच पिढीजात धंदा. दर गुरुवारी सकाळच्या बसने झिंगे आणि मासे घेऊन चंद्रपूरला येतात, दहापर्यंत विकून टाकतात, आणि राखून ठेवलेले झिंगे घेऊन रज्जाकभाऊंच्या दुकानात हजर. मागच्या खोलीत स्टोव्हवर कालवण होतं. भाभी चार वर्षांपूर्वी वारल्या, मुलगा हैदराबादला नोकरीला. त्यामुळे बाकी सहा दिवस रज्जाकभाऊ डब्याचं जेवतात आणि गुरुवारी नामदेवभाऊंसोबत. कालवणात मीठ कोणी टाकायचं यावर दोघांचं भांडण ठरलेलं. बहुतेक गुरुवारी दोघंही टाकतात. मग माझ्याकडे वाटी येते, आणि मी ती तोंड वाकडं न करता खाते. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

तर या नामदेवभाऊंना अठ्ठावन्नाव्या वर्षी झटका आला.

"रज्जाक, मी जाऊन राह्यलो," एका गुरुवारी जेवताना ते म्हणाले.

"कुठी?"

"सिरोंच्याले. डोंग्यात बसून."

डोंगा म्हणजे खोड कोरून केलेली त्यांची अरुंद नाव. एक माणूस नीट बसला तर दुसऱ्याने श्वास कमी घ्यावा अशी.

"बस जाते ना बे सिरोंच्याले!"

"बसनं नाई. नदीनं जातो. जनमभर घाटावर उभा राहून पाह्यलं. हे पानी आपल्या गावावून जाते, पुढं वर्धा येऊन मिळते, प्राणहिता होते, सिरोंच्यात गोदावरी होते म्हनतेत. माह्या बापानं नाई पाह्यलं, आज्यानं नाई पाह्यलं. मले पाहाच आहे. संक्रांतीच्या आत निंगा लागते. मंग पानी उतरते, गोटे वर येतेत, डोंगा फुटते. आन पुढच्या साली माहे घुटने राह्यतीन का, ते त देवालेच मालूम."

रज्जाकभाऊ ताटावरून उठून पुढच्या दुकानात आले. मग भिंतीवरून हात आला. "बाई, कागद."

डोंग्यावर मिटणारं छप्पर आणि अंगात घालायचं तरंगणारं जॅकेट, अशी दोन कामं निघाली. जॅकेट आधी झालं. दोन ताडपत्र्यांच्या मधे थर्माकोल. टेस्टिंग अर्थातच स्वतः करणार. पोहता? छे! पाण्याची एवढी भीती की आंघोळही बादलीपासून जरा दूर बसून करत असावेत. तरी तलावावर गेले. कडेला नामदेवभाऊ उभे, मी उभी, आणि बातमी लागल्यामुळे अर्धी गल्ली उभी. रज्जाकभाऊंनी "बिस्मिल्ला" म्हटलं आणि उडी घेतली. आणि बापा रे, पाण्यावर आले ते पाय! दोन तळवे, एक पायजमा, बस. थर्माकोल सगळा कंबरेकडे भरला होता. नामदेवभाऊंनी उडी मारून घोट्याला धरून बाहेर ओढलं. चांगलं शेरभर पाणी ओकल्यावर रज्जाकभाऊंचं पहिलं वाक्य काय असावं?

"शिलाई पास. डिजाइन फेल."

जॅकेट दुरुस्त झालं. मग छप्पर. आणि इथून गंमत बिघडली.

पहिल्या गुरुवारी नामदेवभाऊ छप्पर न्यायला आले तर "रिंगा फेल झाल्या." दुसऱ्या गुरुवारी "कपडा आखडला." तिसऱ्या गुरुवारी तर हद्दच झाली.

"रंग फेल," रज्जाकभाऊ म्हणाले. "निळ्या रंगाले मगर येते."

"कोन सांगतलं?"

"टेस्टिंग केली ना."

"मगरीवर?"

"सगळंच सांगू काय तुले?"

नामदेवभाऊ कसंबसं जेवले आणि पिशवी घेऊन उठले. त्या दिवशी कालवणाला मीठच नव्हतं. संक्रांत तीन आठवड्यांवर आली होती, आणि नदीचं पाणी काही रज्जाकभाऊंच्या टेस्टिंगसाठी थांबणार नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी मी वाया गेलेल्या कागदांचा गठ्ठा द्यायला त्यांच्या दुकानात गेले. भाऊ मागच्या खोलीत पाठमोरे बसले होते. मांडीवर ते निळं छप्पर, हातात ब्लेड. आणि शिवलेली, चांगली दुहेरी शिवलेली शिलाई टचाटच उसवत होते.

माझं टाळकंच सरकलं. "हे काय करून राह्यले भाऊ?"

ते दचकले. ब्लेड लपवायला गेले तर बोटाला लागलं. "टेस्टिंग..."

"खड्ड्यात गेलं तुमचं टेस्टिंग! त्या माणसाने जन्मात एक गोष्ट मागितली, आणि तुम्ही ती ब्लेडने कापून राह्यले? लाज नाही वाटत? मगरीला निळा रंग म्हणे! मीच मूर्ख, मला खरं वाटलं होतं."

ते बोट तोंडात धरून बसले. मी अजून दहा मिनिटं तरी बोलले असेन. एकदा तोंड सुटलं की मला आवरत नाही, हे आमच्या घरचेही सांगतील. शेवटी दम लागला म्हणून थांबले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "नदी लय खराब आहे बाई."

"ती त्यांना तुमच्यापेक्षा जास्त समजते."

"हौ." त्यांनी बोट पायजम्याला पुसलं. "तो गेला त गुरुवारी मी काय करू?"

मला एकदम रडूच आलं. राग तर होताच, त्यामुळे दोन्ही एकदम. मी कागदांचा गठ्ठा ठेवला, सुईत दोरा ओवला आणि ती त्यांच्या हातात दिली. मशीन त्या दिवशी जी सुरू झाली ती दिवेलागणीला थांबली. दुसऱ्या दिवशी रविवार, बाजाराची गर्दी, पण रज्जाकभाऊ दुकान बंद करून, छप्पर डोक्यावर घेऊन गोंडपिपरीच्या बसमध्ये चढले. वरोऱ्याच्या पुढे न गेलेला माणूस! दिशा वेगळी असली म्हणून काय झालं.

घाटावर मी नव्हते, पण सांगणाऱ्यांनी सांगितलं ते असं. डोंग्यावर छप्पर बसवून दिलं, तीनदा उघडून-मिटून दाखवलं. नामदेवभाऊ म्हणाले, "ये ना बे, पुढच्या गावापर्यंत." रज्जाकभाऊंनी एक पाय डोंग्यात टाकला, डोंगा हलला, आणि त्यांनी पाय काढून घेतला. मग डोंगा वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभे. शेवटची बस चुकली ती चुकलीच.

पहिला गुरुवार आला. दहा वाजले, अकरा वाजले. भिंतीपलीकडे मशीनचा आवाज नाही. मी मनात म्हटलं, आज आपल्याच डब्यातलं काही द्यावं. तेवढ्यात भिंतीपलीकडे फोन वाजला.

"रज्जाक! कोपऱ्याची शिलाई उसवली ना बे!"

नामदेवभाऊ एका गावाच्या टेकाडावर चढून, रेंज शोधून बोलत होते. आणि रज्जाकभाऊ! असे उसळले! "डबल धागा घे! मेण लाव! नाई नाई, उलट्या बाजूनं घाल, तुले कधी अक्कल येनार!" फोन स्पीकरवर. सगळ्या गल्लीला शिलाईकाम येऊ लागलं. चाळीस मिनिटं झाल्यावर, "काय खाल्लं?" "झिंगे." "मीठ?" "टाकलं." "मंग जास्तच असन." आणि ठेवला.

दुसऱ्या गुरुवारी रिंग निघाली. तिसऱ्या गुरुवारी पट्टा तुटला. चौथ्याला चेन. दर वेळी दुपारी बरोबर जेवणाच्या वेळेला, दर वेळी पाऊण तास. मला मात्र काळजी वाटू लागली. म्हटलं, त्या ब्लेडने कापडच कमजोर झालं असणार. सगळ्या जन्माचं नाव या एका छपरात बुडालं बिचाऱ्याचं.

मग एका गुरुवारी नामदेवभाऊ स्वतःच बसमधून उतरले. काळे ठिक्कर पडलेले, पण तोंडभर हसू. डोंगा सिरोंच्याला साडूकडे ठेवला, छप्पर मात्र गुंडाळून परत आणलं. "पाह्यलं बाई! तीन नद्यायचं पानी येका जागी पाह्यलं!" असं म्हणून ते खांद्यावरचं ओझं माझ्याच टेबलावर टाकून मागे आंघोळीला गेले.

मी ते उलगडलं. कोपरे पाहिले, रिंगा पाहिल्या, पट्टे ओढून पाहिले, चेन दोनदा वरखाली केली. एक टाका निघालेला नव्हता. एक ठिगळ नाही, एक जोड नाही. रंग थोडा उन्हाने गेला होता, बस.

मी तशीच ते घेऊन गेले आणि रज्जाकभाऊंपुढे आपटलं. "पाहा! सगळं खोटं! चार आठवडे तुम्हाला उल्लू बनवलं त्यांनी!"

रज्जाकभाऊ नामदेवभाऊंनी आणलेले झिंगे निवडत होते. त्यांनी छपराकडे नीट पाहिलंही नाही.

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं बाई," ते म्हणाले. "माही शिलाई उसवत नसते."

"मग दर गुरुवारी पाऊण-पाऊण तास काय सांगत होते त्यांना?"

त्यांनी मागच्या मोरीकडे पाहिलं. तिथे नामदेवभाऊ पाण्याचे तांब्यावर तांबे अंगावर घेत कसलंसं गाणं म्हणत होते.

"हळू बोला," रज्जाकभाऊ म्हणाले. "तो बिचारा एवढ्या दुरून विचारत होता ना. मंग सांगा लागते."