वाढदिवस संध्याकाळपर्यंत तहकूब

सकाळी भोंगा खरखरला आणि खालच्या गावातली झाडून सगळी कुत्री रडायला लागली. गावप्रमुख मून पिल-सू बोलायला उभे राहिले होते. गावाला दिनविशेष ऐकवल्याशिवाय या माणसाला घास गोड लागत नाही.

"ग्रामस्थहो! आज दानोचा सण, कुस्त्यांचा दिवस! आजच्याच दिवशी आपल्या ओढ्यावरचा पूल खुला झाला. आजच्याच दिवशी दुसऱ्या एका वर्षी तो वाहून गेला. आजच्याच दिवशी वरच्या गावच्या पैलवानाला वाळूत लोळवून अस्मादिकांनी कुस्तीच्या बक्षिसाचा बैल जिंकला. त्यानंतर गावात बैल आलेला नाही, याची नोंद घ्यावी! आणि हो, आज आपल्या दे-ग्युनचा वाढदिवस. दुपारी त्याची वरच्या गावाशी कुस्ती आहे. सगळ्यांनी त्याला खाऊ-पिऊ घाला!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला! दे-ग्युनच्या आईनं कपाळावर हात मारला. वाढदिवस म्हटला की सकाळी समुद्री शेवाळाचं सूप आलंच. पण शेवाळ पडलं बुळबुळीत. परीक्षेच्या दिवशी पोरं त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत, खाल्लं की घसरलंच. कुस्तीच्या दिवशी तर विचारूच नका. म्हणून ती माउली वाढदिवसाबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. संध्याकाळी बैल दारात बांधायचा आणि मग सूप चुलीवर चढवायचं, असा तिचा बेत होता.

आता गल्लीच्या तोंडापासून पातेली निघाली. सगळ्यांत पुढे बोक-नाम आजी. गावातली निम्मी बाळंतपणं हिच्याच हातची.

"कुठाय बाळ? गरम आहे तोवर पिऊ दे."

"आजी, पाया पडते, आज नको! संध्याकाळी पाजते."

"संध्याकाळी? पोर सकाळी झालं तुझं, मी होते की तिथं! हेच सूप पिऊन उठलीस तू बाळंतपणातून. आईच्या कष्टांचं सूप ते. पोरानं ते नाकारायचं?"

"आजी, नाकारत नाहीये, पुढे ढकलतेय!"

दे-ग्युन बिचारा ओट्यावर बसून एकदा आईकडे, एकदा पातेल्याकडे बघत होता. उठल्यापासून त्याच्या पोटात काही नव्हतं. गावात दोन तट पडले. अर्धे म्हणाले, सूप पाजा, नाहीतर आईचा अपमान. अर्धे म्हणाले, पाजाल तर बैल गेलाच म्हणून समजा. कुणीतरी प्रमुखांकडे धावलं. पुन्हा खरखर, पुन्हा कुत्री.

"ग्रामस्थहो, सुधारणा! दे-ग्युनचा वाढदिवस संध्याकाळपर्यंत तहकूब करण्यात येत आहे."

लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. वाढदिवस तहकूब करता येतो? मग आता हा पोरगा किती वर्षांचा समजायचा? थोड्याच वेळात तिसरी घोषणा झाली.

"ग्रामस्थहो, आणखी सुधारणा! सरकारदरबारी दे-ग्युनचा जन्म पुढच्या महिन्यातला आहे. म्हणजे आज त्याचा वाढदिवसच नाही. पातेली परत न्यावीत!"

झालं! दे-ग्युनची आई पदर... छे, इथं पदर कुठला, घागऱ्याचा ओचा खोचूनच भोंग्याच्या खोलीत शिरली. "ह्यांनी नोंदवायला उशीर केला म्हणून मी पोर महिनाभर पोटात ठेवलं होतं का? कधी बाळंत झाले ते मला कळायचं, का सरकारला?"

"वहिनी, मी तुमच्याच बाजूनं..."

"तुम्ही बाजू घेऊ नका! तुमची बाजू भोंग्यातून सगळ्या गावाला ऐकू जाते."

ती तिकडे भांडत होती, तेवढ्यात इकडे बोक-नाम आजीनं डाव साधला. आई परत येईपर्यंत दे-ग्युन वाडगा चाटून पुसून बसला होता.

"अगं बाई! गेला माझा बैल!"

"गेला कसला?" शेजारीण म्हणाली. "उतारा आहे की. तांदळाची चिकी चारा. परीक्षेला पोरांना देतात ना, चिकटून राहावं म्हणून? सूप घसरवेल, चिकी धरून ठेवेल."

घराघरांतून चिकी आली. एका वाडग्याला चिकी किती, यावर पुन्हा वाद. दे-ग्युनचे दात दातांना चिकटले. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण नुसतं "म्म्म" ऐकू आलं. कुणी म्हणालं, अजून मागतोय. दिली अजून.

एवढ्यात प्रमुख येऊन पोचले. "हरला तर बोल मला लावायचा नाही! मी कुस्तीच्या दिवशी सुपाचा वासही घेतला नव्हता. म्हणून जिंकलो!"

"तुम्ही नव्हता घेतला," मागून त्यांची बायको कुम-ओक म्हणाली. कुम-ओक वरच्या गावची. प्रमुखांनी ज्याला वाळूत लोळवलं, तो सांग-गिल तिचा सख्खा दादा. "पण दादानं घेतला होता. दोन वाडगे. मीच पाजलं."

"त्याचा... त्याचा वाढदिवस होता त्या दिवशी?"

"नव्हता."

बोक-नाम आजी तेवढी खुदकन हसली. प्रमुखांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. इतकी वर्षं भोंग्यावरून आपण कुणाचा पराक्रम सांगत होतो?

"तुला काय गरज होती गं?"

"तुम्ही आवडला होतात. हरला असतात तर मागणी घालायला आला असतात का?"

प्रमुख मटकन खाली बसले. जरा वेळानं त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं. सूप पिऊनही दे-ग्युन जिंकला, तर सुपात काही दम नाही हे सिद्ध. म्हणजे सांग-गिल सुपानं पडलाच नाही, आपल्याच ताकदीनं पडला! ते ताडकन उठले, जवळचं पातेलं ओढलं आणि वाडगा भरून दे-ग्युनच्या तोंडाला लावला.

"पी रे बाळा, पी! लाजू नकोस!"

"अहो, वेड लागलं का?" त्याची आई किंचाळली. पण तोवर वाडगा रिकामा झाला होता.

दुपारी आखाड्याभोवती दोन्ही गावं लोटली. दे-ग्युन पोट सावरतच वाळूत उतरला. तीन पकडींतली पहिली गेली, दुसरी मिळाली. तिसऱ्या पकडीत वरच्या गावच्या गड्यानं त्याला उचलायला जोर लावला, पण सूप आणि चिकीनं भरलेलं ते धूड हलेल तर शपथ! गडी दमला, तशी दे-ग्युननं टांग मारली आणि त्याला आडवा केला. आई रडायला लागली, पोरं बैलाकडे धावली आणि प्रमुख कुणाच्याही आधी नाचायला लागले.

"ऐकलंस का? सुपानं काही होत नाही! मी खरा जिंकलो होतो!"

कुम-ओकनं त्यांना कोपरानं ढोसलं. गर्दीतून काठी टेकत सांग-गिलदादा त्यांच्याकडेच येत होता. त्या हरण्यानंतर वरच्या गावात त्याला कुणी पैलवान म्हणालं नव्हतं. बहिणीनं रडत रडत सुपाचं कबूल केलं, तेव्हा कुठे त्याची मान वर झाली होती.

"जावईबापू," सांग-गिल म्हणाला, "तुमच्या गावचा पोरगा चांगला खेळला. खरं सांगा, सकाळी सूपबिप तर नव्हता ना प्यायला?"

प्रमुखांनी तोंड उघडलं. उत्तर जिभेवर होतं आणि सगळं गाव साक्षीला होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"छे हो, मेहुणे! थेंबसुद्धा नाही."

"तरीच!" सांग-गिलनं समाधानानं काठी आपटली. "नाहीतर जिंकतो कसला!"

आणि तो ताठ मानेनं आपल्या गावकऱ्यांत निघून गेला. कुम-ओकनं हळूच प्रमुखांच्या बाहीवरची वाळू झटकली आणि म्हणाली, "चला, घरी दोन पातेली सूप उरलंय."