पत्त्यांचा खेळ कुणालाच नको होता

कॉम्प्युटरमध्ये आधीपासून काय असावं आणि काय नसावं, हे माझ्याइतकं नीट कुणालाही कळत नाही! ही बढाई नाही. बढाई मारायला मला वेळच नसतो.

तुम्हीच सांगा. तुम्ही हौसेने नवा कॉम्प्युटर आणता, सुरू करता, आणि बघता तर तुमच्याआधीच आत सतराशे साठ जण बिऱ्हाड करून बसलेले! कुठलंसं हवामान, कुठलासा नकाशा, कुणी न मागितलेली डायरी. यातलं एक तरी तुम्ही मागितलं होतं का? मग तुमच्या घरात हे पाहुणे सोडले कुणी? माझं डोकं फिरतं ते इथे.

आणि नेमकी माझी नोकरी हे पाहुणे सोडणाऱ्या कंपनीत. आम्ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवतो. म्हणजे बटण दाबल्यावर पडद्यावर पहिलं जे येतं आणि बाकी सगळं ज्याच्या जिवावर चालतं, ते. नव्या आवृत्तीत कोणती अ‍ॅप्स आधीपासून घालायची, हे ठरवायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं.

"आवृत्ती वेळेवर बाहेर पडली, तर विभागप्रमुखाची खुर्ची तुमची!" साहेब म्हणाले.

मी त्याच दिवशी त्या खुर्चीच्या चाकांना तेल घालून आलो.

बातमी फुटली. कालपर्यंत माझ्याकडे ढुंकूनही न बघणारी माणसं मला चहाला विचारू लागली. पहिल्या आल्या अकाउंट्सच्या बाई.

"कॅल्क्युलेटर काढाल तर याद राखा!"

"अहो, पण तुमच्या टेबलावर चांगला हातभर कॅल्क्युलेटर आहे."

"तो माझा. मी लोकांचं बोलतेय."

लोकांचं! मग आला चित्रकार. हा आमची बटणं आणि चिन्हं रंगवतो. त्याला चित्र काढायचं अ‍ॅप हवं होतं.

"तू स्वतः वापरतोस ते?"

"छे! मी चांगलं वापरतो. पण लहान मुलांच्या भावविश्वाचं काय?"

लग्नाचा पत्ता नाही आणि भावविश्वाच्या गप्पा! त्याच्यामागून चाचणीवाला आला. प्रत्येक बटण दाबून काय बिघडलंय ते शोधणं हे त्याचं काम. तो गजराचं घड्याळ मागत होता.

"घड्याळ गेलं तर जेवणानंतर मला जाग कशी येणार?"

हे ऑफिसात, बरं का! कामाच्या वेळेत! मी संतापलो आणि एक नियमच करून टाकला. ज्या अ‍ॅपसाठी एकही माणूस तोंड उघडणार नाही, ते बाहेर. आणि बाहेर गेलेलं परत आत आणायचं, तर कुणीतरी भर मीटिंगमध्ये उभं राहून ते मागायला हवं. साहेबांना हा नियम इतका आवडला, की त्यांनी तो मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला.

सगळ्यांसाठी कुणी ना कुणी भांडायला आलं. फक्त एका अ‍ॅपसाठी आलं नाही. तो पत्त्यांचा खेळ. तोच हो, एकट्याने खेळायचा, लाल-काळी पानं उतरत्या क्रमाने लावायचा. मी न्यायी माणूस आहे. मी सगळ्या हॉलला ओरडून विचारलं, "पत्त्यांचा खेळ कुणाला हवाय का?"

एकही हात वर झाला नाही! साहेबांना केबिनमध्ये जाऊन विचारलं, तर ते दचकलेच. "पत्ते? ऑफिसात? कमाल करता तुम्ही!"

घरी सासऱ्यांना विचारलं. हे निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच राहतात आणि सकाळचा सगळा वेळ माझ्या कॉम्प्युटरवर वाचन करतात. "पत्ते? जावईबापू, आम्ही उभ्या आयुष्यात पानाला हात लावला नाही."

काढला! आम्ही रांधलेलं आधी आम्हीच खायचं, अशी कंपनीची पद्धत. त्यामुळे नवी आवृत्ती बाहेर जाण्याआधी ऑफिसच्या सगळ्या कॉम्प्युटरवर आणि आमच्या घरच्याही कॉम्प्युटरवर चढली. वरून आणखी काही घालायला सक्त मनाई. मी अगदी हलका होऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब केबिनच्या बाहेर आले.

तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण आमचे साहेब सकाळी केबिनमध्ये गेले की थेट जेवायलाच बाहेर यायचे. ते आत विचार करत असतात, असं त्यांच्या सेक्रेटरी बाईंनी आम्हाला बजावलं होतं. दारावर टकटक करायची, मग थांबायचं, आतून "या" आलं की जायचं. ते "या" यायला कधीकधी बराच वेळ लागे. आम्हाला वाटे, विचार खोल असणार, वर यायला वेळ लागतोय.

तर ते बाहेर आले, हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "काय चाललंय सगळ्यांचं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलाच नव्हता!

त्यानंतर साहेबांनी काम करायला सुरुवात केली. मी तुम्हाला काय सांगू! टेबलं हलवली. मग परत होती तिथे आणली. प्रत्येकाच्या मागे उभं राहून "हे असं का?" विचारू लागले. शेवटी स्वतः खुर्ची ओढून प्रोग्राम लिहायला बसले. त्यांच्या हाताखालून निघालेल्या कॅल्क्युलेटरने दोनात दोन मिळवल्यावर कॉम्प्युटर बंद करून टाकला! साहेबांनी लिहिलेलं निस्तरायला तिघे लागत आणि ते निस्तरतायत हे साहेबांना कळू नये म्हणून त्यांना बोलण्यात गुंतवायला चौथा. आवृत्तीची तारीख तोंडावर आणि काम रोज मागे मागे! माझी तेल घातलेली खुर्ची डोळ्यांदेखत घरंगळत चालली होती.

बरं, घरी जावं तर तिथे सासरे.

त्यांनी वाचन सोडलं होतं. आधी त्यांनी गळत नसलेला नळ दुरुस्त केला. आता तो गळतो. मग स्वयंपाकघरातले सगळे डबे अकारविल्हे लावले. साखर आणि सोडा आले शेजारीशेजारी. त्या संध्याकाळी माझा चहा कपातून उठून बशीत आला आणि बशीतून चालू लागला!

"अहो, बाबांना आवरा!" बायको कडाडली. दुसऱ्या कुणाची बायको असती तर माहेरी निघून गेली असती. हिला तीही सोय नाही. माहेरच आमच्याकडे राहायला आलेलं!

"अगं, पण मी काय केलं? ते वाचायचे ते का सोडलं त्यांनी?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मला माझीच कीव आली.

"वाचायचे! बाबा पत्ते खेळायचे, अहो. रोज. मी चहा घेऊन गेले की घाईघाईने पडद्यावर बातम्या लावायचे. त्यांना तेवढी उसंत मिळावी म्हणून मी दारापासून कपबशी वाजवत जायचे. तुम्हाला एवढंही कळलं नाही?"

नाही कळलं! मी कॉम्प्युटरमधला तज्ज्ञ, कपबशीतला नव्हे! मी तडक बाजारात गेलो आणि पत्त्यांचा नवाकोरा जोड आणून सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी तो चिमटीत धरून मला परत दिला.

"हे कशाला? मी पत्ते खेळतो असं कोण म्हणालं तुम्हाला?" आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन ते कपाटाकडे वळले.

त्या कपाटाचं दार निखळताना बघत असताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कपबशी! टकटक! खोल विचार! अरे देवा, साहेब पण!

सकाळी मी साहेबांना एकट्याला गाठलं.

"साहेब, तो पत्त्यांचा खेळ परत घालू का?"

साहेबांचे डोळे चमकले. "का? कुणी मागितला का?"

"तसं कुणी नाही..."

डोळे विझले. "मग कसं चालेल? नियम म्हणजे नियम. तुमचाच आहे." आणि एक सुस्कारा सोडून ते चित्रकाराला रंग शिकवायला गेले.

आपल्याच नियमाने आपलाच गळा धरावा, याहून मोठा अन्याय कुठला? आणि एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण त्याच दिवशी मी डबा घरी विसरलो आणि तो घेऊन साक्षात सासरे ऑफिसात आले!

दारात त्यांना साहेब भेटले. दोन पूर्ण मोकळी माणसं समोरासमोर! त्यांचं असं जमलं की विचारू नका. सासऱ्यांनी साहेबांच्या केबिनचं कुरकुरणारं दार बघितलं. साहेबांनी त्यांना आमची आवृत्ती दाखवली. मी डबा उघडेपर्यंत दोघांनी मिळून नवा आराखडा करून सगळ्यांना मीटिंगला बोलावलं सुद्धा.

"आपण फार काटछाट केलीय," साहेब म्हणाले. "यांचं म्हणणं मला पटतं. रक्तदाबाची नोंद ठेवणारं अ‍ॅप हवं."

"आणि पाठ ताठ ठेवा असं अधूनमधून ओरडणारं एक," सासरे म्हणाले.

"जिन्याच्या पायऱ्या मोजणारंही!"

"साहेब, टेबलावरचा कॉम्प्युटर उचलून जिना कोण चढणार?" मी कळवळून विचारलं.

"व्यायाम होईल," सासरे म्हणाले. साहेबांनी मान डोलावली.

चाचणीवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. हे सगळं घालायचं, तर आवृत्ती आमच्या नातवंडांच्या लग्नात बाहेर पडली असती. मी उठून उभा राहिलो.

"त्याआधी एक विचारतो. पत्त्यांचा खेळ परत हवा, असं इथे कुणाला वाटतं का? कुणालाही? थोडंसंही?"

अकाउंट्सच्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. चित्रकार छताकडे बघू लागला. चाचणीवाला वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या पायात चपला होत्या! साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सासऱ्यांनीही. दोघे आपापला चष्मा अगदी एका तालात पुसत होते आणि पुसता पुसता माझ्याकडे आशेने बघत होते.

सगळ्यांना हवा होता हो! एकूण एकाला! आणि मागायची एकाचीही छाती नव्हती.

मी हात वर केला. "मला हवाय."

"काय?"

"पत्त्यांचा खेळ. मी खेळतो. रोज. सकाळी, दुपारी. त्याच्याशिवाय माझे हात थरथरतात."

उभ्या जन्मात मी तो खेळ एकदाही उघडला नव्हता! शप्पथ सांगतो!

"शी!" अकाउंट्सच्या बाई म्हणाल्या.

"जावईबापू!" सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "माझ्या लेकीने हे बघायचं राहिलं होतं."

साहेबांनी मग वेळेचं मोल, तरुण पिढी आणि मनाचा निग्रह यांवर भाषण केलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. भाषणाच्या शेवटी ते म्हणाले, "पण एका दुबळ्या माणसाची सोय म्हणून आपण मोठं मन केलं पाहिजे. नियमाप्रमाणे मागणी आली आहे. खेळ परत यायला किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं."

"पाच मिनिटांत करा. तुमचे हात थरथरतायत."

"घरच्या कॉम्प्युटरवरही घाला हो," सासरे प्रेमाने म्हणाले. "तिथेही त्रास नको तुम्हाला."

पाच मिनिटांनी केबिनचं दार बंद झालं. रक्तदाब, पाठ आणि जिना यांचं पुढे कुणी नावही काढलं नाही. सासऱ्यांना घरी जायची एकदम घाई झाली. कॅल्क्युलेटर सुधारला, साखर आणि सोड्याची फारकत झाली, आवृत्ती ठरल्या तारखेला बाहेर पडली. लोकांनी तिची तारीफही केली. विशेषतः पत्त्यांच्या खेळाची!

आणि खुर्ची? खुर्ची चाचणीवाल्याला मिळाली! जेवणानंतर गजर लावून झोपणाऱ्याला!

मी तणतणत केबिनकडे गेलो. टकटक केली, थांबलो. आतून सावकाश "या" आलं.

"तुमचं काम चांगलंच झालं," साहेब पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले, "पण पत्त्यांच्या नादी लागलेल्या माणसाच्या हाती अख्खा विभाग कसा देऊ? तुम्हीच सांगा."

काय सांगणार, कप्पाळ! ऑफिसात आता सगळे मला पत्तेवाले म्हणतात. घरी सासरे खेळता खेळता मला निग्रहाचं महत्त्व सांगतात. एकही पान न हलवता माझी अब्रू गेली, खुर्ची गेली!

मग मी म्हटलं, ज्याच्यापायी एवढं गेलं ते आहे तरी काय, एकदा तपासून बघावं. कर्तव्य म्हणून, दुसरं काही नाही. सुट्टीच्या दिवशी सासरे दुपारी आडवे झाले की कॉम्प्युटर मोकळा असतो. तसा सोपाच आहे खेळ, पण बदामाची नव्वी मोकळी करायची तर काळी दश्शी हवी, आणि किलवरची दश्शी कुठे दडून बसलीय ते कळत नाही. त्यामुळे तपासणी अजून चालू आहे.

आत्ताच बायको चहा घेऊन स्वयंपाकघरातून निघाली आहे. तिच्या हातातली कपबशी जरा जास्तच वाजते आहे.