झडतीची कॅसेट

वाशिमकडच्या मालेगावच्या भागचंद शेठच्या कापड दुकानात, वरच्या माडीवर, रिठदची चार माणसं घामाघूम होऊन बसली होती आणि पंखा लावायची मनाई होती. पंख्याची घरघर कॅसेटमध्ये येते, असं भागचंदचं म्हणणं. चारी भिंतींना त्याने लट्ठ्याचे ताके आणि लुगड्यांचे गठ्ठे रचले होते. मुंबईला गाणी भरायच्या खोलीत भिंतींना असंच काहीतरी लावलेलं असतं, हे त्याने कुठूनतरी ऐकलं होतं. टेपरेकॉर्डर त्याने नुकताच मुंबईहून आणला होता. आईची, म्हणजे धापूबाईंची स्तवनं त्यात भरून झाली होती आणि आता त्याला रिठदच्या झडत्या भरायच्या होत्या.

पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या सुरू होतात. एकाने दुसऱ्याची यमकात लाज काढायची, दुसऱ्याने तिथल्या तिथे ती दामदुपटीने परत करायची, आणि पोळा फुटला की दोघांनी एकाच घरी पुरणपोळी हाणायची. रिठदला हे काम जगदेव आणि उकंडराव मिसरूड फुटायच्या आधीपासून करत आले होते. जगदेवच्या मागे ओळ उचलायला खेमा आणि सोमला असत. उकंडराव एकटाच सगळ्यांना पुरून उरे. खरं तर गावाचं मत असं, की जगदेवची झडती म्हणजे फक्त फटाक्याची वात. बार उडायचा तो उकंडरावाच्या उत्तरात.

ठरलं होतं ते असं, की अर्धी बाजू जगदेवची आणि अर्धी उकंडरावाची. दुसऱ्या बाजूवर धापूबाईंची स्तवनं होती आणि ती पुसली असती तर भागचंदला घरात कोणी वाढलं नसतं. जगदेवने सुरुवात केली. यंत्रावरचा लाल दिवा पाहून त्याला भलताच चेव आला. उकंडराव एकदा बैलगाडीत झोपला होता आणि बैलांनी गाडी परस्पर त्याच्या सासुरवाडीला नेली होती, ती गोष्ट त्याने काढली.

"उकंड्या निंगाला बजाराले,
झोप लागली गवाराले,
बैलानं नेला सासुरवाडीले,
जावई कोन, पुसा जोडीले!"

खेमा आणि सोमलाने ओळ अशी उचलली की खालचं गिऱ्हाईक जिन्यात येऊन उभं राहिलं. मग जगदेव थांबेना. एकातून दुसरी झडती निघत गेली. आता आपली पाळी म्हणून उकंडरावाने घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि यंत्र खट्‌कन थांबलं. बाजू संपली होती.

नवी कॅसेट मुंबईहून आली की उत्तर भरू, असं भागचंद म्हणाला. उकंडरावाने उघडलेलं तोंड मिटलं. मग सगळे एकाच बसने गावाकडे परतले. वाटेत जगदेवला वाईट वाटायला हवं होतं. पण आपला आवाज किती छान आला, याच आनंदात तो होता. पुढे त्याला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच.

पोळ्याला काढलेली लाज पोळ्यालाच विरते. दुसऱ्या दिवशी कर असते, लोकांना दुसरे उद्योग असतात. कॅसेटला मात्र कर ठाऊक नव्हती. भागचंदने ती दुकानात लावली, गिऱ्हाईक वाढलं. बसस्टँडवरच्या हॉटेलवाल्याने ती मागून नेली. कंडक्टर उकंडरावाला तिकीट देताना म्हणू लागले, बाबा, झोपू नका, सासुरवाडी पुढेच आहे. तरी उकंडराव हसत होता. पण अनसिंगच्या एका लग्नात कोणीतरी ती भोंग्यावर लावली आणि पंगतीत त्याची लेक हिरीबाई बसलेली होती. तिची सासू सोजरबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "पुढच्या कार्याले तुह्या बापाले बोलवाचं त बैलाले येगळं आवतन द्या लागन का वं?" हिरीबाई ताटावरून उठली. ते कळल्यापासून उकंडराव जगदेवच्या ओट्यावर यायचा बंद झाला.

जगदेवचं जेवण तुटलं. तो मालेगावला जाऊन भागचंदच्या पाया पडायच्या बेतात आला. बिचाऱ्या भागचंदलाही वाईट वाटलं. त्याने ती कॅसेट हॉटेलातून परत आणली आणि नवी आली होती ती पुढे केली. उकंडरावाचं उत्तर एकदाचं भरलं, की फिटंफाट होईल, असं दोघांचं मत पडलं. मग जगदेव उकंडरावाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मले वाट्टेल थे म्हन," तो म्हणाला. "माह्या बापाले म्हन, बायकोले म्हन. पन म्हन गड्या."

उकंडराव टोपी घालून निघाला.

माडीवर पुन्हा लाल दिवा लागला. जगदेव डोळे मिटून, आता कुठून घाव बसतो याची वाट पाहत बसला. त्याला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. उकंडराव सावकाश, साध्या आवाजात बोलला, "जगदेव लय भला मानूस. त्यानं कोनाचं वाईट केलं नाही. असा मानूस गावात पुन्हा होनार नाही." एवढं बोलून तो उठला, जिना उतरला आणि लेकीकडे अनसिंगला निघून गेला.

भागचंदला वाटलं, समेट झाला. त्याने कॅसेट मोठ्या हौसेने दुकानात लावली. आता आपल्याकडे जित्या माणसाबद्दल असं कोणी बोलत नाही. असं बोलतात ते फक्त सरण पेटल्यावर, चार जाणते पुढे होऊन बोलतात तेव्हा. त्यातून उकंडरावासारखा माणूस जगदेवबद्दल असं बोलतोय म्हटल्यावर कोणालाच शंका उरली नाही. गिऱ्हाइकांनी टोप्या काढल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेवच्या दारात बायका गळा काढून उतरल्या. त्याची बायको तुळसाबाई कपाळावर ठसठशीत कुंकू लावून बाहेर आली आणि म्हणाली, "अवं बाई, कायले रडून राह्यल्या? थे जेवून राह्यले घरात."

रडं थांबलं, पण माणसं यायची थांबेनात. एवढ्या लांबून आलेल्यांना तसंच कसं पाठवायचं, म्हणून तुळसाबाईने चहाचं मोठं पातेलं चढवलं. जगदेव ओट्यावर बसून प्रत्येकाला आपण जिवंत असल्याचं सांगत होता आणि लोक थोडे खट्टू होत होते. दुपारच्या बसने उकंडराव उतरला. अनसिंगलाही बातमी गेली होती. डोळे सुजलेले, टोपी कुठेतरी पडलेली. गावचाच दौलतसिंग त्याला धरून आणत होता. ओट्यावर बसलेला जगदेव पाहून उकंडराव जागच्या जागी थांबला.

दौलतसिंग जगदेवजवळ येऊन म्हणाला, "वाशिमपासून झडती म्हनून राह्यला होता तुह्यावर. रडे अन् म्हने, म्हने अन् रडे. अशी झडती म्या जल्मात आयकली नाही. डायवरनं गाडी बाजूले उभी केली, बाप्पा."

"काय म्हने?"

"ध्यानात कोन ठेवते? सारी बस हासून हासून रडे."

जगदेव ओट्यावरून उतरला. त्याला एवढ्या माणसांची लाज वाटली नाही. त्याने उकंडरावाचा हात धरला. "उकंड्या, थे झडती मले म्हन ना एकडाव. इथंच म्हन, साऱ्याइच्या समोर."

उकंडरावाने दुपट्ट्याने तोंड पुसलं. "थे मेलेल्यासाठी होती," तो म्हणाला. "तू त जित्ता हायेस."

"मंग मेल्यावर तरी म्हनशीन?"

"म्हटली ना आता. एक झडती दोनदा कोन म्हनते?"

तो ओट्यावर, जगदेवच्या शेजारी येऊन बसला. तुळसाबाईने दोघांना चहा दिला. संध्याकाळची बस येईपर्यंत उकंडराव बसून होता. आलेल्यांशी पाऊसपाण्याचं बोलला, तुळसाबाईला तब्येत विचारली. जगदेव शेवटपर्यंत त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग बस आली आणि उकंडराव लेकीकडे परत गेला.